केळीचा टेकू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वसईच्या वाड्यांतून केळीला घड लागला, की तिला टेकू देतात. जिला फळ नाही तिला टेकू लागत नाही. जिच्या अंगावर भार आहे तिलाच तो लागतो. त्या केळीला कोणी दुबळी म्हणत नाही. मग संकटात दुसऱ्याचा आधार घेणाऱ्या बाईलाच आपण तसे का म्हणावे? आज एवढ्याच प्रश्नावर मी चार शब्द बोलणार आहे.

“माझा देवावर भरवसा आहे, मला माणसांची गरज नाही,” असे आपण पुष्कळदा म्हणतो. ऐकावयास ते भक्तीचे वाटते. परंतु त्यात थोडा अभिमानही लपलेला असतो. प्रभू येशूने गेथशेमाने बागेत आपल्या तीन शिष्यांना जवळ जागे राहावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याचा क्रूस कुरेनेकर शिमोनाने वाहिला. प्रत्यक्ष प्रभूने सोबत मागितली, तर आपल्याला ती मागण्याची लाज कशाला?

पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवा. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला आणि 1882 साली पती. कडेवर लहानगी मनोरमा. पुढे 1889 साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले, ते काय एकटीच्या बळावर? परदेशातील स्नेह्यांनी मंडळी स्थापून दहा वर्षे साह्य करण्याचे वचन दिले होते. ते रमाबाईंनी संकोच न करता घेतले. त्या सदनात आलेल्या गोदूबाई या बालविधवेचा 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाह झाला. ज्या रमाबाईंचे घर दुष्काळाने मोडले, त्यांनीच 1896-97 च्या दुष्काळात शेकडो मुलींना केडगावी आणून आसरा दिला. घेतलेला आधार असा पुढे जातो.

लांब कशाला जा? आपल्या पापडीतच पाहा. 1918 साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी कॅथॉलिक बँकेचा पाया घातला. अनेकांची थोडी थोडी शिल्लक एकत्र करावयाची आणि ज्याची नड असेल त्याला उभे करावयाचे, हेच सहकाराचे मर्म. आज जो ठेव ठेवतो, तोच उद्या कर्ज मागतो; त्यात कोणाची मान खाली जात नाही. माणुसकीचेही खाते असेच असावे.

आता थोडे स्वतःचे सांगते. 2020 च्या टाळेबंदीत माझे यजमान गेले. आपल्याकडे मयताला गाव लोटतो. त्या वेळी वीस माणसांचीच परवानगी होती. पलीकडच्या गल्लीतील एक मुसलमान शेजारीण रोज आमच्या कुंपणावर डबा ठेवून रस्त्यापलीकडे उभी राही. भांडे रिकामे परत करू नये ही आपली रीत, आणि माझ्या घरी तर चूल पेटत नव्हती. चौथ्या दिवशी मी तिला म्हटले, “आता आणू नकोस.” ती म्हणाली, “काकी, रिकामा द्या. भरायला पुष्कळ दिवस पडलेत.” त्या दिवशी मी प्रथम मोकळेपणी रडले.

आणि मला आठवली आमच्या आळीतील दुसरी बाई. तिचे दुःख आधीचे. मी तिला “देवाची इच्छा” एवढे दोन शब्द सांगून आले होते, ते पुन्हा फिरकले नव्हते. शब्द खोटे नव्हते. परंतु ते टाकून मी आपली सुटका करून घेतली होती. पुढे मी तिच्याकडे गेले, क्षमा मागितली. तिने चहा टाकला.

म्हणून भगिनींनो, महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे पांगले, की मग जा. उपदेश कमी करा; जवळ बसा, रोजरी म्हणा, भाजी निवडून द्या. ऐकलेले नाक्यावर नेऊ नका. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तिला एकटी सोडू नका. घरच्या विश्वासू माणसाला सांगून डॉक्टरांकडे घेऊन जा. प्रार्थना आणि औषध यांचे वैर नाही. आणि स्वतःवर वेळ आली, तर दार लावून बसू नका; शेजारणीला हाक मारा.

मंडळाने या वर्षी एवढेच करावे, की प्रत्येकीने एक घर आपले मानावे, मग ते कोणत्याही धर्माचे असो. वारा सुटण्याआधी टेकू लावलेला बरा. केळ पडल्यावर तो काय कामाचा?

 देव आपणां सर्वांचे भले करो.