वेल्डिंगचं जॅकेट जड का?

काळेवाडीतून भोसरी-चाकणला वेल्डिंगला जाणाऱ्यांच्या घरी कातडी जॅकेट, हातमोजे असतातच. हातात घेतलं की वाटतं, बाई, किती जड! पण जड तेच चांगलं, असं नाही.

म्हशीचं कातडं जाड. शेळीचं पातळ, तरी चिवट. मेंढीचं मऊ, पण लवकर फाटतं. जाड कातडं यंत्रावर चिरून थर वेगळे करतात. खालचा खरबरीत थर स्वस्त, वेल्डिंगचे कपडे बहुधा त्याचेच. शिवाय बाभळीच्या सालीत कमावलेलं कोल्हापुरी चपलेसारखं ताठ राहतं, क्रोममधलं मऊ.

आर्कच्या ठिणग्यांना जाड मोजे हवेत. टिगच्या बारीक कामाला शेळीचे, कारण बोटं वळली पाहिजेत. घामाने भिजलेले मात्र घालूच देऊ नका, करंट बसतो. सावलीतच वाळवा, उन्हात कातडं कडक होऊन तडकतं.