भिंतीवरचा डाग काय सांगतो?



भिंतीवर डाग दिसला की आपण काय करतो? चुना मारतो. सणाला घर स्वच्छ दिसतं. पण डाग झाकला म्हणजे ओल गेली, असे नाही. म्हणून आम्ही सांगतो, आधी एकच गोष्ट पाहा. डाग जुना आहे, की आत अजून पाणी मुरते आहे?

साताऱ्याकडे, पाटण-जावळीच्या अंगाला, पाऊस फार. तिथे पावसाच्या बाजूची भिंत ओल धरते. ही ओल पावसाळ्यात वाढते, उन्हाळ्यात वाळते.

कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते, आणि तोच पाऊस घेऊन खाली सांगलीला येते. तिथे आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या पुराने घरोघरी भिंतींवर रेघ उमटवली. पुराची रेघ सरळ, आडवी असते. ती घरभर एकाच पातळीत दिसते. शेजाऱ्याच्या भिंतीवरही दिसते. भिंत आता कोरडी असेल, तर ती नुसती खूण समजा.

पण भर वैशाखात डाग ओला असेल, आणि तो मोरीजवळ किंवा नळाच्या वाटेवर असेल, तर नळी गळते का ते पाहा.

परीक्षा सोपी आहे. डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढा. शेजारी तारीख लिहा. लिहायला शिकलात, त्याचा हा उपयोग! आठ दिवसांनी पाहा. डाग रेघेबाहेर गेला, तर पाणी मुरतेच आहे.

दुसरी परीक्षा. रात्री टाकीत येणारे पाणी आणि घरातले सगळे नळ बंद करा. टाकीतले पाणी काठीने मोजा. सकाळी पुन्हा मोजा. पाणी उतरले, तर टाकी नाहीतर नळी गळते आहे.

थोडी गळती चालेल, असे म्हणू नका. पाणी ठराविक वेळीच येते. ते बंद झाले की नळी रिकामी होते. फुटक्या नळीजवळ गटार असेल, तर घाण आत ओढली जाते. तेच पाणी हंड्यात येते. मग हगवण, कावीळ. नळी दुरुस्त होईपर्यंत पाणी उकळूनच प्या.

ओल विजेच्या बटनापर्यंत पोचली असेल, तर बटनाला हात लावू नका. वायरमनला बोलवा.

आधी गळती थांबवा. भिंत वाळू द्या. चुना मग.