सारंगांच्या गावात



 लांबून आलेल्या कप्तान, इंजिनिअर आणि अभ्यासकांची ही परिषद रत्नागिरीत भरते आहे याचा स्वागत समितीच्या वतीने बोलताना मला फार आनंद आहे. या किनारपट्टीवर पोरगा काय करतो असं विचारलं, की ‘बोटीवर आहे’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते पुरतं. सारंग, टंडेल, खलाशी ही इथल्या घरांतली रोजची नावं आहेत.

5 एप्रिल 1919 ला ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आणि त्यांच्या भागीदारांनी उभारलेल्या सिंदिया जहाज कंपनीची ही कथा या सभागृहाला मी सांगायला नको. मला बोलायचं आहे ते युद्धातल्या खलाशाबद्दल. त्याच्या हाती बंदूक नसते. पण युद्धात रसद तोडायची म्हणजे आधी त्याचं जहाज बुडवायचं.

दुसऱ्या महायुद्धातली ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट आठवा. कराचीत तिच्यावर कापसाच्या गासड्या चढल्या, आणि त्याच बोटीत सुमारे 1400 टन स्फोटकं होती. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत कापूस पेटला आणि पुढे स्फोटांनी मुंबई हादरली. शांततेचा माल आणि युद्धाचा माल एकाच बोटीच्या पोटात होता. त्याआधी, नोव्हेंबर 1942 मध्ये, मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ ही बोट जपानी पाणबुडीने बुडवली. 280 माणसं गेली.

दुसऱ्या महायुद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशी दगावले. गोऱ्या खलाशाच्या तुलनेत यांना पगार किती तुटपुंजा! 1939 मध्ये युद्धभत्ता मागत त्यांनी संप केले, तेव्हा कित्येकांना तुरुंगात टाकलं. हे वाचताना मला आजही संताप येतो. लढाऊ शिपायाला जे मानाने मिळतं, ते यांना संप करून मागावं लागलं.

आणि हे जुनं झालं असं कुणी समजू नये. जानेवारी 2024 मध्ये एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं. जहाजावर 22 भारतीय होते. आग विझवायला आपली ‘विशाखापट्टणम’ ही युद्धनौका धावली.

म्हणून स्वागत समितीची एक विनंती आहे. महायुद्धांत बोटीवर मृत्यू पावलेल्या कोकणी खलाशांची गाववार यादी करण्याचा ठराव या परिषदेने करावा. गावोगाव फिरायला आमची मंडळी तयार आहेत. पहिल्या रांगेत आज निवृत्त सारंग आणि त्यांच्या घरची माणसं बसली आहेत. दुपारच्या परिसंवादात पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.

अध्यक्षमहाराज, कामकाज आपल्या हाती सोपवतो.