हात कुणाचा, दाम कुणाला?



‘कवीला प्रेरणा कुठून मिळते’ यावर मला बोलायला सांगितलंय. मी गोदीत माल उचलणारा माणूस, शिक्षण मॅट्रिक. सौंदर्यशास्त्र मला येत नाही. देखणी वस्तू दिसली की मी दोनच गोष्टी विचारतो. हिला हात कुणाचा लागला? आणि त्या हाताला काय मिळालं?

तुमच्या नगरचंच घ्या. किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे, 1567 सालची. लहानशीच, पण दगड काय कोरलाय! इतिहासाच्या पुस्तकात नाव आहे साहिरखान सरदाराचं. लोक मात्र सांगतात, किल्ल्यावर खपणाऱ्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी काढून ती बांधली. किल्ल्याचा दगडी तट हुसेन निजामशहाच्या काळात, 1559 ते 1562 मध्ये झाला. साल जुळवायचं काम इतिहासकारांचं. माझ्यासाठी एवढं पुरे, की सरदाराचं नाव ठाऊक असूनही लोकांच्या तोंडी राहिली ती मजुराची दमडी. चारशे वर्षं राहिली. यापेक्षा मोठी कविता कुठली?

आता पोतराज बघा. कंबरेला रंगीबेरंगी खणांचा घागरा, पायात घुंगरं, वाढलेले केस, कपाळभर हळदीकुंकू, हातात कोरडा. शहरी रसिक फोटो काढतात. म्हणतात, ‘काय रंगसंगती आहे!’ आहेच. पण बाबांनो, कोरडा पडतो कुणाच्या अंगावर? नवसापायी मरीआईला वाहिलेल्या आपल्याच पोराच्या. त्याचा घागरा काचेच्या कपाटात लावायचा, आणि त्यानं मात्र दारोदार अंग फोडून घ्यायचं, ही असली रसिकता आपल्याला नको.

मग काय, रंगच टाकून द्यायचे? अजिबात नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब बायांशी बोलले. गुडघ्यापर्यंतची लुगडी सोडा, गळ्यातहातातले कथला-चांदीचे ढीग उतरवा, त्यावरून जात ओळखू येते, असं त्यांचं सांगणं. फाटकं असलं तरी स्वच्छ नेसा, हेही सांगितलं. आपल्या आयाबायांनी नेसण्याची तऱ्हा तिथंच बदलली. याला फॅशन म्हणायचं! पॅरिसची फॅशन हंगाम बदलला की बदलते. या बायांनी अंगावरची जातीची खूण उतरवली.

तेव्हा हिशेब सोपा आहे. खूण टाका, कसब ठेवा. कोरडा फेका, रंग उचला. हलगीचं कातडं जाळावर शेकून सूर लावणारा माणूस कारागीर आहे. त्याची हलगी पाटलाच्या वरातीपुढं कशाला? आपल्या सभेत वाजू द्या, आणि वाजवणाऱ्याला बिदागी रोख द्या.

सुंदर दिसेल, विचित्र दिसेल ते डोळे फाडून बघा. लेण्यातला दगड बघा, गोधडीचा टाका बघा, ट्रकच्या फाळक्यावरचं चित्र बघा. त्यातून खुशाल घ्या. फक्त लिहायला बसाल तेव्हा सरदाराच्या आधी दमडीवाल्याचं नाव लिहा.

जय भीम.