चेन्नईस निघालेली मुले आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या काही वर्षांत आपल्या वाई-सातारा-कऱ्हाडकडील घरांतून शिक्षणासाठी व नोकरीसाठी चेन्नईस जाणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढत चालली आहे. पुणे, मुंबई ही आता परगावे राहिलेली नाहीत. तिथे प्रत्येकाची मावशी आहे, आत्या आहे, निदान शेजाऱ्यांचा साडू तरी आहे. चेन्नईस आपले कोणी नाही. म्हणूनच चेन्नईत संस्थेने एखादी इमारत भाड्याने घेऊन ज्ञातीतील मुलांसाठी विद्यार्थिगृह चालवावे, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांची कळकळ मला मान्य आहे. तथापि ती सूचना स्वीकारण्यापूर्वी आपण काय देऊ पाहतो आणि मुलांना खरोखर काय हवे आहे, याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

प्रथम हवेविषयी बोलतो, कारण घरातील वडीलधाऱ्यांना वाटते त्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. आपली माणसे घाटमाथ्यावरची. आपल्याकडे वैशाखात दुपार कितीही तापली तरी पहाटे अंगावर काही ओढावेसे वाटते. चेन्नई समुद्राच्या पातळीला आहे. तिथे ३१ मे २००३ रोजी पारा ४५ अंशांवर गेल्याची नोंद आहे. पण असे दिवस थोडे, आणि मुलांना पिडतो तो हा पारा नव्हे. पिडतो तो दमटपणा. घाम सुटला म्हणजे अंग निवते असे आपण म्हणतो. वस्तुतः अंग निवते ते घाम वाळल्याने. हवेतच पाणी भरलेले असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे साताऱ्याचे चाळीस अंश माणूस सोसतो आणि चेन्नईचे पस्तीस अंश त्याला नकोसे करतात. शिवाय मे महिन्यात तिथे रात्रीही पारा बहुधा अठ्ठावीसच्या आसपास राहतो. माझी पुतणी तिथे गेली तेव्हा दुसऱ्याच रात्री तिचा दूरध्वनी आला. ती म्हणाली, “काका, इथे रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर भिंत गरम लागते.” तिची खोली गच्चीच्या थेट खाली होती. दिवसभर तापलेली स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडीत असते, हे भाडे ठरविताना तिला कोणी सांगितले नव्हते. घरमालकाने सांगण्याचे कारणच नव्हते. गच्चीखालची खोली स्वस्त मिळते आणि नवखा मनुष्य तीच घेतो. मधल्या मजल्यावरची, पूर्वेकडे खिडकी असलेली खोली घ्यावी. समुद्र पूर्वेला आहे आणि दुपारनंतर वारा तिकडून येतो. ज्या दिवशी पश्चिमेचा कोरडा वारा जोरात असतो त्या दिवशी हा समुद्रवारा उशिरा पोचतो, आणि तोच दिवस जास्त तापतो. मे महिन्यातील त्या तीन-साडेतीन आठवड्यांना तिथले लोक ‘अग्नि नक्षत्रम्’ म्हणतात. शब्द आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

मात्र शरीर शिकते, हेही सांगितले पाहिजे. आठ ते पंधरा दिवसांत निरोगी तरुण शरीर उष्णतेला सरावू लागते. घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. पहिल्या पंधरवड्यात मात्र जपावे लागते. उन्हात धावपळ टाळावी, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, मीठ घातलेले ताक घ्यावे. तिथे ताकाला ‘मोर’ म्हणतात आणि जेवणाचा शेवट दहीभाताने किंवा ताकभाताने होतो. ती केवळ आवड नाही, त्या हवेने शिकविलेले शहाणपण आहे. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसताच सावलीत पडून राहावे. आणि अंग तापून मनुष्य असंबद्ध बोलू लागला तर घरी विचारीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आपल्याकडचाच हा क्रमांक तिथेही चालतो. ज्या आईला मुलीच्या सामानात लोणच्याची तिसरी बरणी भरायची असते, तिने त्या बरणीऐवजी सुती कपड्यांचे दोन जोड जास्त द्यावेत. दमट हवेत कपडे वाळत नाहीत, आणि ओलसर कपड्यांनी घामोळे व गजकर्ण यांचा जो त्रास होतो तो मुले लाजेने घरी सांगत नाहीत.

पावसाचेही तेच. आपला पाऊस जूनमध्ये येतो आणि दिवाळीत आपण थंडीची वाट पाहतो. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडून येतो. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीचे पाणी शहरात शिरले, डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाने पुन्हा तोच प्रसंग आणला. आणि या दोहोंच्या मधे, जून २०१९ मध्ये, शहराला पाणी पुरविणारे तलाव कोरडे पडून लोक टँकरच्या रांगेत उभे होते. तेव्हा खोली पाहताना पाणी कुठून येते आणि पावसाळ्यात रस्त्यावर किती चढते, हे दोन्ही प्रश्न शेजाऱ्यांना विचारावेत. घरमालकाला विचारून उपयोग नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परमुलखी एकट्याने जाणे ही आपल्या पिढीची कल्पना नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांच्या मागोमाग मराठी घराणी तंजावरास गेली, ती १८५५ साली राज्य खालसा झाल्यावरही तिथेच राहिली. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मोठा मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो, आणि त्या घराण्यांचे वंशज आजही घरात आपली जुन्या वळणाची मराठी बोलतात. पण ती माणसे राज्याबरोबर गेली, कुटुंबकबिल्यासह गेली. एकट्याने जाण्याचे उदाहरण हवे असेल तर ते एका मुलीचे आहे, आणि ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

कृपाबाई खिस्ती हिचा जन्म १८६२ साली अहमदनगरला झाला. आईवडील ब्राह्मण घराण्यातले, पण ख्रिस्ती झालेले. मुलगी हुशार होती. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असे तिच्या मनात होते. विलायतेस जाण्याची संधी चालून आली, पण प्रकृती नाजूक म्हणून तो बेत राहिला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. १८७८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ही मुलगी तिथे गेली. मुंबई व मद्रास यांचे रूळ रायचूरला जुळून तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. भाषा येत नव्हती, हवा सोसणारी नव्हती. तिथे रेव्हरंड सत्यनाथन यांच्या तमिळ कुटुंबाने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. पहिल्या वर्षी तिने अभ्यासात उत्तम यश मिळविले. पुढे प्रकृतीने दगा दिला आणि वर्षभरातच तिला पुण्यास बहिणीकडे परतावे लागले. मद्रासची हवाच त्याला कारण झाली असे मी म्हणत नाही. ती मुळातच अशक्त होती आणि १८९४ साली, केवळ बत्तीस वर्षांची असताना, वारली. परंतु त्या एका वर्षाने तिचे आयुष्य वळविले. सत्यनाथनांच्याच मुलाशी तिचा विवाह झाला आणि ‘सगुणा’ व ‘कमला’ या दोन इंग्रजी कादंबऱ्या तिच्या हातून लिहून झाल्या.

कोणी म्हणेल, ती आपली कुठे होती? तिचे घर तर जातीबाहेर गेलेले. मान्य आहे. किंबहुना म्हणूनच हे उदाहरण मी घेतले. तिला मद्रासेत थारा मिळाला तो धर्माच्या धाग्यामुळे. यजमान आणि ती, दोघेही ख्रिस्ती होते. म्हणजे परमुलखात समाजाचा धागा उपयोगी पडतो, हे विद्यार्थिगृहाची सूचना करणाऱ्यांचे म्हणणे खरेच ठरते. पण त्या धाग्याने काय केले ते पाहा. त्याने तिला मराठी ख्रिस्ती मुलींच्या वसतिगृहात बंद केले नाही. तमिळ बोलणाऱ्या घराच्या जेवणाच्या पंगतीत नेऊन बसविले.

विद्यार्थिगृहांचे ऋण मी नाकारीत नाही. १९०१ पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींसाठी वसतिगृहे उघडली, कारण त्या काळी अनेक जातींच्या मुलांना शहरात कोणी ओसरीसुद्धा देत नव्हते. पाठोपाठ ठिकठिकाणच्या ज्ञातिसंस्थांनी तेच केले, आणि या सभागृहातील कित्येकांचे आजोबा तशा खोल्यांत चिमणीच्या उजेडात शिकले. दार बंद होते म्हणून आपण स्वतःचे दार उघडले. चेन्नईत आपल्या मुलांना दार बंद नाही. महाविद्यालयांची वसतिगृहे आहेत, आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी तमिळनाडू सरकारने ‘तोळी’ नावाची वसतिगृहे चालविली आहेत; ‘तोळी’ म्हणजे मैत्रीण. भाड्याच्या खोलीसाठी मात्र दहा-दहा महिन्यांची अनामत मागण्याची तिथे जुनी रीत आहे. २०१७ च्या कायद्याने तीन महिन्यांचे प्रमाण घालून दिले, पण करारात दुसरे काही ठरले तर ते चालते, आणि घाईत असलेला नवखा मनुष्य ठरेल ते मान्य करतो. इथेच आपली मुले अडतात. शिष्यवृत्ती शुल्काला मिळते, अनामतीला मिळत नाही. इमारत भाड्याने घेऊन तिच्यावर वर्षानुवर्षे पैसा घालण्यापेक्षा अनामतीसाठी बिनव्याजी उसनवार देणारा निधी संस्थेने उभारावा. खोली सोडताना अनामत परत आली की रक्कम निधीत जमा होईल आणि पुढच्या मुलाला मिळेल. पैसा एकच, पण दर दोन-तीन वर्षांनी नव्या घराच्या कामी येणारा.

दुसरे कारण थोडे अवघड आहे, पण आपल्याच माणसांत बोलायचे नाही तर कुठे? खोली शोधताना जात विचारणारे लोक चेन्नईतही आहेत आणि पुण्यातही आहेत. माझ्या पुतणीला एका घरी आडून आडून तोच प्रश्न विचारला गेला आणि मग खोली दुसऱ्याला दिल्याचे कळविण्यात आले. तिला वाईट वाटले, मलाही वाटले. पण आपण केवळ आपल्या ज्ञातीसाठी म्हणून इमारत घेतली, तर तिच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या परक्या मुलीला आपणही तोच प्रश्न विचारणार. ते काम आपल्या व्यवस्थापकाने करावे असे मला वाटत नाही.

आणि मुलांनी तिथे राहावे कसे, तर तिथल्या लोकांत. हिंदी सगळीकडे चालते ही आपली समजूत तिथे फारशी कामाची नाही. इंग्रजी चालते, आणि मोडकी तमिळ त्याहून चांगली चालते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त्यामुळे पाटीवर ‘गणेश’ लिहिले आहे की ‘कणेश’, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे. पहिल्या आठवड्यात याची गंमत वाटते, महिन्याभरात ती अडचण उरत नाही. थोरल्या भावाला ‘अण्णा’ आणि थोरल्या बहिणीला ‘अक्का’ ते म्हणतात, आपणही म्हणतो. रिक्षावाल्याला अण्णा म्हणून हाक मारायला साताऱ्याच्या मुलाला शब्दकोश लागत नाही. गणेशचतुर्थीला तिथे बाजारात मातीचा पिळ्ळैयार कागदी छत्रीसह विकायला येतो आणि घरोघर तांदळाच्या उकडीत गूळखोबरे भरून ‘कोळुकट्टै’ करतात. पुतणीच्या शेजारच्या बाईंनी ती ताटलीत घालून आणून दिली तेव्हा तिने आम्हाला चित्र पाठविले. उकडीचे मोदकच, फक्त कळ्या कमी. आमच्या वहिनींनी कळ्यांवर टीका केली. पण त्या दिवसापासून त्यांचे दिवसातून तीन वेळा दूरध्वनी करणे एकावर आले.

मुलींच्या बाबतीत वडीलधाऱ्यांचा जीव अधिक गुंततो, ते स्वाभाविक आहे. तेवढ्यासाठी एक गोष्ट संस्थेने जरूर करावी. चेन्नईत स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांशी, ती आपल्या ज्ञातीची असोत वा नसोत, पत्रव्यवहार करून त्यांची यादी ठेवावी. आजारपणात रात्री दहा वाजता जिथे जाता येईल असे एक दार प्रत्येक मुलाच्या माहितीचे असले पाहिजे. रोज जाण्यासाठी ते नको. वर्षातून दोनदा जेवायला गेले तरी पुरे.

पुण्याहून गाडी सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा या मार्गाने जाते आणि साधारण एक दिवस घेते. शक्यतो मे महिन्यात पाठवू नये. प्रवेशाची तारीख आपल्या हातात नसेल तर निदान आठ दिवस आधी पाठवावे, म्हणजे वर्ग सुरू होण्यापूर्वी अंग थोडे सरावेल. अनामत-निधीचा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे आणि पहिली वर्गणी आमच्या घरची आहे. ज्यांच्या ओळखीची कुटुंबे चेन्नईत आहेत, त्यांनी त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने, पत्ते बाहेरच्या टेबलावर ठेवलेल्या वहीत लिहावेत. वही रात्रीच्या भोजनापर्यंत तिथेच राहील.