बारावीला टक्के घसरले, तरी फार्मसी

बारावी सायन्सला पन्नासच्या आसपास गुण पडले की घरात सुतकी शांतता पसरते. फार्मसीचं स्वप्न त्या शांततेत सोडून देऊ नका.

बी. फार्मच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित किंवा जीवशास्त्र हे विषय हवेत. खुल्या प्रवर्गाला पंचेचाळीस टक्के, राखीव प्रवर्गाला चाळीस टक्के पुरतात. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीचे असतात. आपली मुलं नेमकी तीच पुस्तकं रद्दीत घालतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तेवढे टक्केही नसतील, तर दोन वर्षांचा डी. फार्म आहे. त्याला सीईटी लागत नाही. बारावी उत्तीर्ण असावं लागतं, यादी बारावीच्या गुणांवर लागते. अभ्यासक्रमानंतर 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं. पुढे राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली की फार्मासिस्ट म्हणून काम करता येतं. आणि हो, डी. फार्मनंतर बी. फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहेच.

मात्र पैसे भरण्याआधी कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. मान्यता नसेल, तर नोंदणी अडते आणि मुलाची दोन वर्षं पाण्यात जातात.