इंग्रजींतील चिमुकल्या शब्दांचा कारभार

इंग्रजी शिकणारा मराठी मनुष्य मोठ्या शब्दांना भितो आणि लहान शब्दांकडे दुर्लक्ष करतो. लांबलचक शब्दांचीं स्पेलिंगें तो घोकून ठेवील. पण 'इन', 'ऑन', 'ॲट', 'अप', 'बाय' हे अर्ध्या श्वासांत उच्चारून होणारे शब्द आपल्याला येतातच, अशी त्याची समजूत असते. त्यांतील एखादा चुकला तरी अर्थ कळण्यास अडचण पडत नाहीं, असेंहि त्याला वाटतें. पुष्कळदां तें खरेंहि असतें. 'अँग्री विथ मी' याऐवजीं कोणी 'अँग्री ऑन मी' म्हटलें, तर ऐकणारा मनांत हंसेल, पण राग कोणावर हें त्याला समजेल. 'माझ्यावर रागावला' यांतील 'वर'चें तें सरळ भाषांतर आहे. खरा धोका अशा चुकीचा नव्हे. शब्द चुकावा, वाक्य मात्र शुद्ध राहावें आणि अर्थ भलताच व्हावा, हा खरा धोका.

येणाऱ्या पाहुण्याविषयीं 'ही इज ऑन द वे' असें सांगितलें, तर तो वाटेवर आहे, एवढ्यांत पोंचेल, असा अर्थ होतो. 'ऑन'च्या जागीं 'इन' घातला कीं, त्या पाहुण्याची अडगळ होते, असा! व्याकरणाच्या दृष्टीनें दोन्ही वाक्यें निर्दोष; म्हणून ऐकणाऱ्यास चुकीचा संशयहि येत नाहीं. यजमानाचे आभार मानतांना 'पुटिंग मी अप' म्हटलें, तर घरीं ठेवून घेतल्याबद्दल आभार होतात. 'पुटिंग अप विथ मी' म्हटलें, तर त्रास सोसल्याबद्दल. विनोदी स्वभावाचा इंग्रज पाहुणा हें दुसरें वाक्य मुद्दाम वापरतो; पण विनोद करावयाचा तो जाणूनबुजून केलेला बरा.

हे शब्द मूळचे जागा आणि दिशा दाखविणारे. 'टु' हा पोंचविणारा, 'ॲट' हा नेम धरणारा. चेंडू मुलाकडे, त्यानें झेलावा म्हणून टाकला, तर 'थ्रो टु'. त्याला लागावा म्हणून मारला, तर 'थ्रो ॲट'. त्याचप्रमाणें 'शाऊट टु' म्हणजे लांबच्या माणसास ओरडून सांगणें, आणि 'शाऊट ॲट' म्हणजे त्याच्यावर खेंकसणें. येथपर्यंत मूळ चित्र डोळ्यांसमोर ठेवून वाट काढतां येते. पुढें चित्र पुसट होतें आणि हा आधार सुटतो. गजराचें घड्याळ 'गोज ऑफ' म्हणजे वाजूं लागतें. दिवे 'गो ऑफ' म्हणजे विझतात. एक सुरू होतें, दुसरें बंद पडतें, आणि शब्द मात्र तेच!

ही अडचण जुनी आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यानें १७५५ सालीं आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश छापला. क्रियापदामागें लहानसा शब्द जोडून नवा अर्थ करण्याची ही रीत परकीयांना फार जड जाते, असें त्यानें प्रस्तावनेंत नमूद केलें आणि असे प्रयोग मोठ्या काळजीनें टिपले. अशा जोडीस 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ याच्या १९२५ सालच्या 'वर्ड्स अँड इडिअम्स' या ग्रंथांत हें नांव आढळतें.

संस्कृत शिकलेल्यांना यांत अगदींच नवें कांहीं नाहीं. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार निघतात, हें उदाहरण शाळेंत घासून गुळगुळीत झालेलें आहे. संस्कृतांत उपसर्ग धातूच्या पुढें चालतो, इंग्रजींत तो बहुधा मागून येतो. कधीं तो पुढेंहि बसतो, आणि तेथेंहि जपावें लागतें: कामावर 'ओव्हरसी' करणारा देखरेख करतो, 'ओव्हरलुक' करणारा काणाडोळा करतो.

मराठीची गोष्ट तर याहून जवळची. 'अंग' हें नाम घ्यावें आणि 'येणें' हें क्रियापद. 'अंगावर येणें' ही चाल, 'अंगांत येणें' हा संचार, आणि 'अंगाशीं येणें' हा केल्या कर्माचा भुर्दंड. 'वर', 'आंत' आणि 'शीं' यांचे कोशांतील अर्थ सांगून एखाद्या इंग्रजास हे तीन प्रयोग लावावयास दिले, तर त्याची जी गत होईल, तीच मराठी मनुष्याची 'ॲट हँड', 'ऑन हँड', 'इन हँड' आणि 'आऊट ऑफ हँड' यांपुढें होते. जवळ येऊन ठेपलेलें, शिल्लक असलेलें, हातीं घेतलेलें आणि हाताबाहेर गेलेलें, असे हे चार अर्थ. शेवटचे दोन मराठीशीं जुळतात. त्या भरंवशावर पहिले दोन लावूं जावें, तर फसगत होते. मराठी मुलाला हे भेद कोणी शिकवीत नाहीं. 'अंगाशीं येईल हो!' हें वाक्य तें आजीच्या तोंडून सबंध ऐकतें; त्याचे तुकडे करीत नाहीं. इंग्रजी मात्र तुकड्यांनीं शिकविली जाते: 'इन' म्हणजे आंत, 'ऑन' म्हणजे वर, 'फॉर' म्हणजे साठीं. ही यादी वाईट नव्हे, पण ती पहिल्या इयत्तेची.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो आपला मराठी शब्द ऐसपैस असतो तेव्हां. 'पर्यंत' हा असाच शब्द. 'सोमवारपर्यंत हिशेब पुरा करा' आणि 'सोमवारपर्यंत येथें राहा' या दोहोंत तो सुखानें नांदतो. इंग्रजींत पहिल्या ठिकाणीं 'बाय', दुसऱ्या ठिकाणीं 'टिल'. बाहेरगांवच्या रोग्याच्या घरीं कळवावयाचें आहे कीं, डॉक्टर सोमवारपर्यंत येथें येऊन पोंचतील. लिहिणारानें 'द डॉक्टर वुइल बी हिअर बाय मंडे' असें न लिहितां 'टिल मंडे' लिहिलें, तर डॉक्टर सध्यां येथेंच आहेत आणि सोमवारनंतर नाहींत, असा त्याचा अर्थ होतो. मंडळी रोग्याला घेऊन तांतडीनें शनिवारींच येतात आणि दवाखान्याला कुलूप! अशा वेळीं 'पर्यंत' काढून 'च्या आंत' घालून पाहावें. 'सोमवारच्या आंत हिशेब पुरा करा' हें कानाला बरें लागतें. तेथें 'बाय' घालावा. 'सोमवारच्या आंत येथें राहा' असें कोणी म्हणत नाहीं, तेथें 'टिल'.